कोनाचा हात होय?

ड्रॉइंगच्या मास्तराच्या घरात दोन गोष्टी साठत जातात. पिळून चपट्या झालेल्या रंगाच्या ट्यूबा आणि किस्से. दोन्ही टाकून द्यावंसं वाटतं, पण टाकवत नाही. ट्यूब अजून जरा दाबली तर थोडा रंग निघेल असं वाटतं, आणि खरंच निघतो! आमच्या रविवारच्या बैठकीचे किस्से असेच साठले आहेत. स्टाफरूममध्ये मी ते सांगायला लागलो की गणिताचे सर म्हणतात, “ढोले, तुमी लोकं चित्र काढता कमी अन पाह्यता जास्त!” खरं आहे त्यांचं.

बैठक म्हणजे आम्ही चौघं. मी, पिपरी मेघेत राहणारा, शाळेत ड्रॉइंग शिकवणारा. वैशाली मॅडम, सावंगीला मेडिकलच्या पोरांसाठी हाडांचे, नसांचे, मेंदूचे चार्ट काढतात. प्रमोद, एके काळचा नामांकित पेंटर, आता फ्लेक्सचं दुकान चालवतो आणि त्याबद्दल रोज एकदा तरी हळहळतो. आणि भोयर सर. सिंदी रेल्वे या गावचे, रिटायर्ड ड्रॉइंग टीचर, मी शाळेत असताना माझेही सर. दर रविवारी ते सकाळच्या गाडीने वर्ध्याला यायचे आणि माझ्या घरी पोहे यायच्या आत विचारायचे, “आज कोन?”

कारण नियम असा होता, की प्रत्येक रविवारी एकाने एक नवा चित्रकार शोधून आणायचा. पुस्तकांत, मासिकांत, इन्स्टाग्रामवर चित्रं काढणारे, ज्यांना हल्ली इलस्ट्रेटर म्हणतात, त्यांच्यातला. नियम सरांनीच केला होता आणि त्याला एक अट होती. “मेलेला चालत नाई. मेलेल्यायले पुस्तकात जागा आहे. जित्ता पाह्यजे!”

* * *

पहिल्याच रविवारी मी तयारी करून बसलो होतो. केरळातली एक मुलगी, फक्त निळ्या बॉलपेनने लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढणारी. मी बोलायला सुरुवात केली. तिची शैली, तिच्या शैलीतला लोककलेचा अंश, तिच्या शैलीचा समकालीन...

सरांनी हात वर केला. “ढोले, शैली नागपूरले राह्यते. तिथं तिले मोठे मोठे हॉल भेटते. आपल्या इथं हात राह्यते. हिचा हात कसा आहे, थे सांग.”

मी फोनच त्यांच्यापुढे धरला. मग सरांनीच फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “पोरगी पेन उचलत नाई. एकदा टेकवला का पान होईपर्यंत टेकवलेला. भिऊन राह्यली, का उचलला तं परत टेकवता येनार नाई.”

तेव्हापासून आमच्यात शैली हा शब्द बंद. चित्र समोर आलं की चौघांपैकी कुणीतरी विचारतो, “कोनाचा हात होय?”

* * *

सरांची आणखी एक खोड होती. कुठलंही चित्र पाहिलं की विचारायचे, “कुठं बसून काढलं?”

ही खोड परीक्षेतली आहे. एलिमेंटरीला स्थिरचित्राचा पेपर असतो. मधे मडकं ठेवायचं, भोवती मुलं बसवायची. मडक्याच्या तोंडाचा लंबगोल पाहिला की मूल खाली बसलं होतं का बाकावर, दाराकडे का खिडकीकडे, सगळं कळतं. मी स्वतः त्यात सापडलो आहे. शेजाऱ्याच्या कागदावरून उतरवलं होतं. सर माझ्यामागे येऊन उभे राहिले. “ढोले, तू बसला खिडकीपाशी, अन मडकं दरवाज्यातून पाह्यलं काऊन?” वर्ग हसला. त्या दिवसापासून मी कधी कुणाचं उतरवलं नाही, ही गोष्ट मी माझ्या वर्गात थोडी बदलून सांगतो.

तर एका रविवारी प्रमोद मोठ्या उत्साहात एक चित्र घेऊन आला. चक्क प्रिंट काढून आणलं होतं. बाजाराचा दिवस, बैलगाड्या, फुग्यांवर पडलेलं ऊन, प्रत्येक चेहरा वेगळा. वैशाली मॅडम तर “बाप्पा!” म्हणून खुर्चीवरून उठल्याच. मीही हरखलो. सरांनी प्रिंट गुडघ्यावर ठेवली, चष्मा काढला, पुन्हा लावला.

“चांगलं आहे,” ते म्हणाले. “पन हा कुठंच बसला नाई.”

“म्हंजे?”

“गाडी खालून पाह्यली, बैल वरून पाह्यला, बाई समोरून पाह्यली. अन दमला नाई. एवढ्या बाजारात मानूस कुठं तं टेकंन का नाई?”

प्रमोद खाली मान घालून बसला. मग हळूच म्हणाला, “कॉम्प्युटरनं बनवलं, सर. मी चार ओळी लिहिल्या, त्यानं काढून देल्लं.”

सर रागावले नाहीत. त्यांनी प्रिंट नीट घडी करून प्रमोदला परत दिली. “तूच एखादं काढत जाय ना बाबू,” एवढंच म्हणाले. प्रमोदने त्या आठवड्यात दुकानाच्या शटरवर अकरा वर्षांनी ब्रश लावला. अक्षरं जरा वाकडी आली आहेत, पण आहेत.

* * *

मग आला आमच्या अकलेचा रविवार! वैशाली मॅडमनी इन्स्टाग्रामवरचं एक अकाउंट आणलं. नाव नाही, फोटो नाही. प्रत्येक पानावर एका कोपऱ्यात इवलंसं चित्र. सलाइनचा स्टँड. झोपलेल्या म्हातारीचे पाय. खिडकीत ठेवलेला टिफिन. आणि बाकी सगळा कागद कोरा.

मी म्हणालो, जपानी असणार, मोकळी जागा एवढी धीराने सोडणं आपल्याकडे कुणाला जमत नाही. प्रमोदला तो माणूस कोरियाचा वाटला. सर म्हणाले, “देश सोडा. मानसाले घाई आहे. रेघ पाहा, चालता चालता काढल्यासारखी.” आम्ही दोघांनी सरांना समजावलं की ही घाई नव्हे, ही साधना आहे. अर्धा तास समजावलं!

वैशाली मॅडमनी त्या अकाउंटला मेसेज केला. उत्तर मराठीत आलं. सावंगीलाच नर्सिंग शिकणारी मुलगी, राहायला माझ्या मागच्या गल्लीत. पुढच्या रविवारी आली, दारात चपला नीट जोडून ठेवल्या आणि संकोचत बसली. मी विचारलं, ही एवढी मोकळी जागा तू कुठल्या विचारातून सोडतेस?

ती म्हणाली, “सर, ब्रेक दहा मिनिटाचा असते. दहा मिनिटात एवढंच होते.”

भोयर सर माझ्याकडे पाहून हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

* * *

हा किस्सा हसण्याचा नाही. प्रमोदनेच एकदा कुठल्या तरी डोंगरी गावातला चित्रकार शोधला. कोळशाने काढायचा. मेंढ्या, धुकं, धुक्यात हरवलेल्या मेंढ्या. आम्ही तासभर पाहत होतो. सरांनी चार वेळा एकच पान मागे घेतलं. शेवटी म्हणाले, “याले कळवा. सांगा, का वर्ध्यात चार मानसं तुह्यं पाहून राह्यले.”

वैशाली मॅडमनी पत्ता शोधायला घेतला आणि थांबल्या. तो माणूस मागच्याच महिन्यात गेला होता. घरच्यांनी त्याच्या अकाउंटवर तसं लिहून ठेवलं होतं.

आता नियम मोडला होता. प्रमोद ओशाळला, फोन बंद करायला लागला. सरांनी त्याचा हात धरला. “राहू दे. आपल्याले आज समजला ना? मंग आपल्यासाठी आज जित्ता आहे.”

पोहे तसेच गार झाले.

* * *

मागच्या वर्षी पोळ्याच्या दोन दिवस आधी सरांचा उजवा हात अर्धांगाने गेला. सकाळी दाढी करताना वस्तरा खाली पडला, तो उचलायला वाकले आणि तिथेच बसले. सरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, शेजारच्याची गाडी बोलावून तडक सावंगीच्या दवाखान्यात आणलं. जीव वाचला, पाय सावरला, बोलणं महिनाभर जड होतं तेही मोकळं झालं. हात मात्र मांडीवर पडून राहिला.

वॉर्डात पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा वैशाली मॅडम शेजारी बसून त्यांना समजावत होत्या, की मेंदूच्या डाव्या बाजूला झालं म्हणून उजवा हात गेला. सरांनी जड जिभेने विचारलं, “उलटं?”

“हो सर. उलटंच असते.”

“तुह्या चार्टात बरोबर दाखवलं ना?”

“दाखवलं, सर.”

“मंग ठीक आहे,” सर म्हणाले आणि डोळे मिटले. वैशाली मॅडम बाहेर व्हरांड्यात येऊन रडल्या. हा चार्ट त्यांनी आतापर्यंत किती वेळा काढला असेल, आणि त्या दिवशी मला म्हणाल्या, “ढोले सर, मी फक्त रंगवत होती हो.”

* * *

आता बैठक सिंदीला भरायला लागली. आम्ही तिघं सकाळच्या गाडीने जायचो, काकू चहा करायच्या. काकूंबद्दल सांगायचं राहिलंच. काकूंना चित्रांचं कणभर कौतुक नाही. लग्न झाल्यापासून घरात कागद पसरलेले, त्यांच्यावरून पाय वाचवत त्यांनी संसार केला. आम्ही फोनमध्ये डोकी घालून बसलो की म्हणायच्या, “एवढं काय पाह्यता बाई त्या कागदात! भिंतीवर लावा अन मोकळे व्हा.”

फिजिओथेरपीवाला डॉक्टर घरी यायचा. त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आजोबा, डाव्या हाताने चित्र काढा, मन रमेल. सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जेवायचे डाव्याने, चष्मा लावायचे डाव्याने. पेन्सिल धरायची नाही! आम्ही विचारून थकलो. एकदा गाडीची वाट पाहत आम्ही ओसरीत बसलो होतो, तेव्हा आपणच म्हणाले,

“डावा काढाले लागला ना, तं उजव्याले वाटंन का आपली गरज राह्यली नाई. मंग थो काऊन येईन?”

आठ महिने झाले होते. डॉक्टरने काकूंना बाजूला घेऊन सांगितलं होतं की जेवढं यायचं होतं तेवढं आलं. ते आम्हाला माहीत होतं, सरांना माहीत होतं की नाही ते आम्हाला माहीत नव्हतं. उजवा हात येणार नव्हता आणि डावा हात त्याची वाट पाहत बसला होता. आम्हाला एवढंच हवं होतं, सरांनी पुन्हा एक रेघ मारावी. एक रेघ.

* * *

मग आम्ही शहाण्यांनी औषधं शोधायला सुरुवात केली. चित्रकार शोधत होतो, पण कसले? प्रमोदने पायाच्या बोटांत ब्रश धरणारा आणला. मी जन्माचे डावरे शोधून शोधून आणले, एकामागून एक तीन रविवार. वैशाली मॅडमनी एक तरुण आणला, सगळीकडे गाजत असलेला, ज्याची प्रत्येक रेघ थरथरलेली. घरं थरथरती, झाडं थरथरती, माणसं थरथरती.

सर बराच वेळ पाहत होते. “हा आजारी आहे?”

“नाही सर, मुद्दाम काढतो तसं. तोच त्याचा हात आहे.”

“मुद्दाम?”

“हो.”

सर विचारात पडले. मग मास्तरकीत घासलेल्या आवाजात म्हणाले, “त्याले इचारजो, आपसी बदली करते का!”

आम्ही तिघं खदखदून हसलो. नोकरीत दोन मास्तर एकमेकांची गावं बदलून घेतात ती आपसी बदली, शाळेतल्या कुणालाही हसू येईल असाच विनोद. हसता हसता मी सरांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. त्यांची नजर मांडीवरच्या हातावर होती. आम्ही एकेक करून थांबलो.

त्याच दिवशी निघताना सरांनी मला एकट्याला थांबवलं. मी चौथा डावरा पुढच्या रविवारी आणणार असल्याचं सांगितलं होतं.

“ढोले, तू मले चित्रकार दाखवून राह्यला, का औषध पाजून राह्यला?”

“त्या पोरायनं मेहनतीनं चित्र काढले, अन तुमी थे पाह्यतच नाई. तुमी माह्याकडं पाह्यता.”

परतीच्या गाडीत मला स्वतःची लाज वाटली. ती तीन रविवारची डावरी मंडळी मला आज आठवत नाहीत. एकाचाही हात मी धड पाहिला नव्हता.

* * *

पुढचे दोन रविवार आम्ही गेलो नाही. कामं होती असं आम्ही एकमेकांना सांगितलं. तिसऱ्या रविवारी गेलो ते रिकाम्या हाताने, म्हणजे कुठलाच चित्रकार न घेता.

ओसरीत सरांच्या खुर्चीसमोर ड्रॉइंग बोर्ड उभा होता! इतके महिने तो कपाटामागे होता. त्यावर कागद, चारी कोपऱ्यांना पिना. कागदावर पेन्सिलने काढलेला पितळी गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या, खिडकीच्या दगडावर ठेवलेला. गडव्याचं पोट एका बाजूला सुटलेलं, तोंड वाकडं. पण रेघ अशी, की आम्ही तिघं दारातच उभे राहिलो. कुठलीही चलाखी नाही. जिथे कळलं नाही तिथे थांबलेली आणि कळल्यावरच पुढे गेलेली.

सर खुर्चीत बसून आमच्याकडे पाहत होते. आम्ही बोर्डापाशी गेलो. मी वाकून शेडिंग पाहिलं. उजव्या हाताच्या माणसाच्या शेडिंगच्या रेघा वर जाताना उजवीकडे झुकतात आणि डावऱ्याच्या डावीकडे. हे मला सरांनीच आठवीत शिकवलं होतं. गडव्याच्या सावलीतली प्रत्येक रेघ उजवीकडे झुकलेली होती.

मी वैशाली मॅडमना बोटाने दाखवलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला, त्यांचे डोळे भरून आले. एवढे मेंदूचे चार्ट काढलेली बाई, पण त्या क्षणी तिनेही ते मानलं. प्रमोद तर ओरडलाच, “सर! हात आला! उजवा आला, सर!”

सर म्हणाले, “माहा नाई.”

आम्हाला कळेना. मी मूर्खासारखं विचारलं, “मग कोनाचा हात होय?”

सरांनी आत वळून हाक मारली, “आइकलं का वं? पानी आन लोकायले.”

काकू तांब्या आणि पेले घेऊन आल्या. पदर खोचलेला. पेला पुढे करताना त्यांचा उजवा हात माझ्यासमोर आला. करंगळीपासून मनगटापर्यंत तळव्याची सगळी कड पेन्सिलीच्या शिशाने काळी झाली होती. आमच्या नजरा कुठे आहेत ते त्यांना दिसलं आणि त्यांनी हात पदराखाली घेतला.

“आठ दिवस झाले, मी सांगतो, थे काढते,” सर बोर्डाकडे पाहत कुरकुरले. “अन आइकत नाई! हे पाहा, इथं सांगतलं होतं, हलकी रेघ पाह्यजे. किती जाड केली. गडवा हाये का रांजन हाये?”

“मले जमन तशी काढली,” काकू म्हणाल्या.

“जमन तशी नसते काढाची! पाहून काढाची असते. पाह्यलंच नाई तू.”

काकूंनी तांब्या खाली ठेवला. जोरात ठेवला. केसांत खोचलेली पेन्सिल काढली आणि नवऱ्यासमोर धरली.

“मंग तुमी काढा!”

इतक्या महिन्यांत ही गोष्ट या घरात या आवाजात कुणी बोललं नव्हतं. प्रमोद पेला तसाच धरून उभा राहिला. मी मान खाली घातली. सर काकूंकडे पाहत होते, मग कागदाकडे, त्या जाड रेघेकडे. त्यांचा चेहरा लालबुंद झाला, वर्गात एखाद्याचं फारच चुकलं की व्हायचा तसा.

“आन इकडं,” सर म्हणाले आणि त्यांनी डावा हात पुढे केला.